वास : स्वीकारार्ह

बेसा, नागपूर
बुधवार, २६ मार्च २०२५

आदरणीय यमुताई,
सविनय जय भीम.

रविवारी सकाळी फोनवर मी तुम्हाला रविंद्रच्या रक्तदाबाबद्दल सांगत होते. चाळीस मिनिटं झाली होती. तुम्ही मध्येच म्हणालात, "थांब वं, धूर दिसते," आणि फोन बंद झाला. रविंद्र म्हणाला, "ताई कंटाळली असेल." मलाही तसंच वाटलं. सोमवारी जलशुद्धीकरण केंद्रावर कामाला गेले तेव्हा कळलं, की सावरझरी तलावाच्या वरचं जंगल पेटलंय आणि मोबाइलचा टॉवरही गेलाय.

म्हणून हे पत्र. आमचे नत्थूजी दर गुरुवारी जीप घेऊन तलावाच्या पाण्याचे नमुने आणायला येतात. नमुन्यांच्या पेटीत, बर्फाच्या बाजूला हे ठेवते आहे. शाई पसरली तर समजून घ्या.

तुम्ही दोघं बरे आहात ना? घर? गुरं?

आमच्या श्रीधर साहेबांनी विचारलं, "मॅडम, तलावाकाठी तुमचं कोणीतरी आहे ना?" मी म्हटलं, नणंद आहे. त्यांनी वहीत 'नणंद' असं लिहून घेतलं. त्यांना वरती अहवाल पाठवायचा आहे आणि त्यात आगीचं कारण असा रकाना आहे. तुम्हाला काही माहीत असेल तर कळवा.

पाणी अजून ठीक आहे. तलावात पडलेली राख तरंगते आहे आणि आम्ही पाणी खालून घेतो. नागपुरात नळाखाली हंडा लावणाऱ्याला जंगल जळाल्याचं काही कळणार नाही. आमचं काम तेच आहे, कोणाला काही कळू न देणं.

तुमची
जया

•

सावरझरी
गुरुवार, २७ मार्च

जया, जय भीम.

नत्थूजी ओसरीवर चहा पिऊन राहिले. तिसरा कप आहे. तेवढ्यात लिहिते. अंगणवाडीत तीस वर्षं शुद्ध भाषेत अहवाल लिहिले, तुले मी शुद्ध लिहिणार नाही.

आम्ही बरे आहो. घर वाचलं, गुरं वाचली. तलावाच्या वरची सारी उतरण जळाली. साग, मोह, तेंदू, खालचा सारा पाला. तीन दिवस लोक ओल्या फांद्या घेऊन झोडपून राहिले होते. यांच्या भुवया गेल्या. मारोतरावाले आरशात पाहून हसू येते, मले नाई येत.

कारण म्हणशील तर कोणी वाटसरू बिडी फेकून गेला असंन. लिहून दे तसंच.

तुझ्यासाठी मोहफुलांचा डबा पाठवते. आगीच्या आधी वेचलेली आहेत, तूप लावून भाजून घे. रवीले सांग, गोळी घेत जा म्हणाव.

तुझी
यमुताई

•

बेसा
बुधवार, ९ एप्रिल

आदरणीय यमुताई,
सविनय जय भीम.

डबा मिळाला. अजून उघडलेला नाही, झाकणावर तुम्ही इतका चिकटपट्टा गुंडाळलाय की रविंद्र मौद्याच्या वीजघरातून पाळी संपवून आला की त्यालाच देईन. पण मोहाच्या वासानं स्वयंपाकघर भरून गेलंय. लहानपणी आईबरोबर आजोळी जायचे त्याची आठवण झाली.

शुक्रवारची अवकाळी गारपीट तुमच्याकडेही झाली असेल. जंगलाची राख त्या एका पावसात तलावात उतरली. शनिवारी केंद्रात आलेलं पाणी मी काचेच्या नळीत धरलं तेव्हा पलीकडचं बोट दिसेना. एरवी गढूळपणाचा आकडा सहा-सात असतो, तो एकशे नव्वद झाला. तुरटी वाढवली. वाळूचे फिल्टर दिवसातून एकदा उलटं पाणी सोडून धुतो, ते चारदा धुवावे लागतात आणि त्या धुण्यातच शुद्ध केलेलं पाणी संपतं. टाक्यांच्या तळाशी काळा गाळ बसतोय. साहेब म्हणतात, "मॅडम, हे शुद्धीकरण आहे का वीटभट्टी?"

मोठी अडचण क्लोरीनची आहे. पाण्यात जंगलातलं इतकं काही विरघळून आलंय की टाकलेलं क्लोरीन त्यातच खर्च होतं, नळापर्यंत पोचत नाही. मी मात्रा दुप्पट केली. आता आकडे बरोबर येताहेत.

सोमवारपासून तक्रारी सुरू झाल्या आहेत, पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो म्हणून. मी रोज तपासते. चंचूपात्रात पाणी कोमट करायचं, हलवायचं, नाकाशी धरायचं, वहीत लिहायचं. मी लिहिलंय, 'वास : स्वीकारार्ह'. छापील शब्द तोच आहे. लोकांना आगीची बातमी वाचून वास येत असावा असं साहेबांचं मत आहे.

आमच्या प्रयोगशाळेतल्या प्रयागबाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत, त्यामुळे भांडी मीच धुते आहे.

कारणाच्या रकान्यात 'बिडी' लिहिलं.

तुमची
जया

•

सावरझरी
गुरुवार, १० एप्रिल

जया, जय भीम.

एक विचारते, रागावू नको.

मोहाचा डबा माझ्याकडेच आहे. नत्थूजी गेल्यावर फळीवर दिसला. तुझ्याकडे गेला तो सुकटीचा डबा. वाळवलेल्या मासोळ्या, या वर्षीची सुकट जरा उग्रच निघाली. शेजारच्या बाईनं वास येते म्हणून भांडण केलं होतं, म्हणून तो मी चिकटपट्टा लावून बंद केला होता.

तुले त्याच्यात मोहाचा वास आला आणि आजोळही आठवलं.

काहून वं, जया? कधीपासून?

इकडे वेगळंच सुरू आहे. तुमचा 'बिडी'चा अहवाल फिरत फिरत वनरक्षकाकडे आला. त्यानं गावात विचारलं, इथं बिडी कोण पिते. सारे म्हणाले, मारोतराव. दोन वेळा बोलावून नेलं. ते काही बोलत नाहीत. बिडी सोडली. पस्तीस वर्षं मी सांगून राहिली होती तेव्हा सोडली नाही. आता सोडली तर मले पाहावत नाई.

तुझी
यमुताई

•

बेसा
बुधवार, १६ एप्रिल

आदरणीय यमुताई,

चार वर्षांपासून.

कोरोनाचा ताप गेला, त्याबरोबर वास गेला. डॉक्टर म्हणाले, येईल तीन महिन्यांत. मी तीन महिने थांबले, मग सहा, मग विचारणं सोडलं. रविंद्रला माहीत नाही. डब्यातली भाजी झाकण उघडल्याशिवाय ओळखू येत नाही, दूध नासलेलं ढवळल्याशिवाय कळत नाही, एवढंच. अंबाडीची भाजी आणि पालक यांच्यात फरक फक्त आंबटपणाचा. माणसाला या सगळ्याची सवय होते. तीस पावसाळे ज्या वासासाठी खिडकी उघडली, ती आता मी उघडत नाही, डास येतात.

केंद्रात मी प्रयागबाईंचा चेहरा पाहायचे. चंचूपात्र भरून त्या माझ्यापुढे ठेवायच्या, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं की मी सावध व्हायचे. नाही मुरडलं की 'स्वीकारार्ह'. चार वर्षं असं चाललं. आता त्या रजेवर आहेत आणि मी वहीत आपल्या मनानं लिहिते आहे.

परवा चौदा एप्रिल होती. आपल्या जुन्या वस्तीत दर वर्षीसारखा पाण्याचा स्टॉल लावला. तुमचे बाबा लावायचे तिथंच, विहाराच्या कोपऱ्यावर. बर्फ टाकून, माठांना निळं कापड गुंडाळून. पाणी नळाचं, म्हणजे माझंच. मी स्वतः पेले भरत होते. मिरवणुकीतले लोक उन्हातून येत होते, पेला घ्यायचे, तोंडाजवळ न्यायचे आणि हळूच खाली ठेवायचे. 'जय भीम ताई' म्हणायचे आणि पुढच्या स्टॉलवर सरबत प्यायला जायचे. एका म्हाताऱ्या आजींनी मात्र दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, "बाई, याच्यात फिनाइल पडलं काय वं?" मी म्हटलं, नाही आजी, शुद्ध आहे. त्यांनी उरलेलं माझ्याकडे बघत पिऊन टाकलं. माझं मन मोडू नये म्हणून.

यमुताई, त्या आजी मला दोन दिवस दिसताहेत.

साहेबांना सांगितलं तर मला प्रयोगशाळेतून काढून बिलांच्या खिडकीवर बसवतील. वीस वर्षांत मला दुसरं काही आलेलं नाही. आणि नाही सांगितलं तर पंचेचाळीस हजार घरांत हेच पाणी जात राहील. मी क्लोरीन वाढवू की कमी करू, हे आकडे सांगत नाहीत. नाक सांगतं.

पेटीत दोन बाटल्या आहेत. लाल बुचाची आपल्या वस्तीतल्या नळाची. पांढऱ्या बुचाची केंद्रात येणाऱ्या कच्च्या पाण्याची, क्लोरीन टाकायच्या आधीची. थोडं कोमट करून हुंगून पाहा आणि जे येईल ते लिहा. पिऊ नका. दुसऱ्या कोणाला मी विचारू शकत नाही.

सुकट चांगली होती. रविंद्रनं डबा उघडला आणि गॅलरीत गेला.

तुमची
जया

•

बेसा
बुधवार, २३ एप्रिल

आदरणीय यमुताई,
सविनय जय भीम.

गेल्या गुरुवारी नत्थूजी रिकाम्या हातानं आले. म्हणाले, "ताईनं बाटल्या हुंगल्या, आतमधी गेल्या, बाहेर आल्याच नाई. मी चार कप चहा केला माया हातानं, मंग निघालो."

तुम्हाला बरं नाही का? की माझा राग आला?

तक्रारी तीनशेच्या वर गेल्या आहेत. साहेबांनी तक्रारींचं रजिस्टर बदलून जाड पुठ्ठ्याचं आणलं.

तुमची
जया

•

सावरझरी
गुरुवार, २४ एप्रिल

जया, जय भीम.

तुझा राग काहून येईन? माझाच मले आला, म्हणून आठ दिवस लागले.

लाल बुचाच्या बाटलीचं आधी सांगते. वरून दवाखान्याचा वास. जखमेवर कापसानं लावतात, तसल्या औषधाचा. तो पांढऱ्या बाटलीत नाई. म्हणजे तो तलावातून आला नाई, तुमच्याकडे लागला. पांढऱ्या बाटलीत नुसता धूर आहे. धुराच्या पाण्यात तुझं ते औषध पडलं की दवाखाना होते, असं मले वाटते. तू शिकलेली आहेस, पाहून घे.

आता धुराचं.

सागाच्या पाल्याचा धूर तुरट असते, घशात बसते. तेंदूचा कडू. बिडीनं रस्त्याकडून आग लागली असती तर आधी साग जळाला असता, तिकडे सारा साग आहे. पण पांढऱ्या बाटलीत पहिला वास गोड आला. पिकलेल्या फुलावर पाला जळते तसा. तो मोहाच्या बुडातला धूर आहे. चाळीस वर्षं दर फागुनात तो माझ्या लुगड्याले राहिला. बाटली नाकाशी नेली आणि मी माझ्याच झाडाखाली उभी होती.

मोहाच्या बुडातला पाला आम्ही जाळतो, तुले माहीत आहे. जमीन काळी झाली की पिवळी फुलं दिसतात, वेचाले सोपं जाते. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. पहाटे दव असते तेव्हा लावायचं, भोवती खराट्यानं पट्टा साफ करायचा, घागर जवळ ठेवायची, आणि विझेपर्यंत हलायचं नाई. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं शिकवलं, मी गावातल्या पोरींना शिकवलं.

त्या रविवारी मी पाला लावला आणि सात वाजता टेकडावर गेली. फोन तिथंच लागते. तुझा फोन येणार होता. म्हटलं पाच मिनिटं बोलते आणि येते. तू रवीचं सांगून राहिली होती, तुझा आवाज बारीक झाला होता, मले ठेव म्हणता आलं नाई. धूर मले आधीच दिसला होता. म्हटलं माझाच आहे, जागेवरच असंन. मंग वारा फिरला.

तुले हे मी दोष द्यायले सांगून नाई राहिली. तू फोन केला, चांगलंच केलं. पाला मी लावला.

दवाखान्याचा वास तुझा. धुराचा माझा.

आज नत्थूजी गेले की वनरक्षकाच्या चौकीत जाते. मारोतरावाले काल सांगितलं. ते म्हणाले, "मले पहिल्या दिवशीच समजलं होतं. तुझी घागर झाडाखाली होती आणि तू नव्हती." मंग दोन वेळा चौकीत जाऊन गप्प काहून बसले गा, म्हटलं. तर म्हणे, "बिडी तर पीतच होतो ना."

तू पण सांगून टाक.

तुझी
यमुताई

•

बेसा
बुधवार, ७ मे

आदरणीय यमुताई,
सविनय जय भीम.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. त्या चाळीस मिनिटांतली निदान वीस मी रविंद्रच्या मीठ खाण्यावर घालवली होती. याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुम्ही दोष देत नाही म्हणता, म्हणून तो मी आपला ठेवून घेतला आहे.

शुक्रवारी साहेबांकडे गेले. म्हटलं, साहेब, मला चार वर्षं वास येत नाही. साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "कुठला?" म्हटलं, कुठलाच. त्यांनी माझी वही पुढं ओढली. मग म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? पाण्याला दवाखान्याचा वास येतो हे मला पहिल्या दिवसापासून जाणवत होतं. पण वहीत तुम्ही स्वीकारार्ह लिहिलं होतं. म्हटलं, तज्ज्ञ आहेत."

मग काम सुरू झालं. तुमचं निदान बरोबर होतं, पुस्तकातही आहे. धुरातून पाण्यात उतरलेल्या द्रव्यांवर क्लोरीन पडलं की तो वास होतो, आणि मी जितकं वाढवलं तितका तो वाढला. म्हणून पाणी केंद्रात येताच टाकत होतो ते आधीचं क्लोरीन बंद केलं. तलावातून पाणी मधल्या दारातून घ्यायला लागलो, तळाशी राखेचा गाळ आहे. आणि पाण्यात कोळशाची बारीक भुकटी घालायला लागलो, ती वास शोषून घेते. जळालेल्या जंगलाचा वास काढायला जळालेलं लाकूड. भुकटीची पोती भांडारात तीन वर्षं होती. सापडत नव्हती, कारण नोंद 'इंधन' अशी होती आणि निम्मं पोतं पहारेकऱ्यांनी हिवाळ्यात शेकोटीला वापरून पाहिलं होतं. "पेटत नाही मॅडम, धूळच आहे नुसती," असं त्यांचं म्हणणं. भुकटीनंतर फिल्टर, आणि क्लोरीन सगळ्यात शेवटी, मोजकं.

चार दिवसांत तक्रारी थांबल्या. मला हे तक्रारींवरून कळलं.

प्रयागबाई परत आल्या. त्यांना सांगितलं. त्या चंचूपात्र पुसत म्हणाल्या, "मले माहीत होतं न मॅडम. तुमच्यासमोर फिनाइलची बाटली सांडली होती, तुम्ही सरकल्या पण नाई. म्हणून तर मी नाक मुरडून दाखवत होती. नाई तर मले काय गरज?"

मला बिलांच्या खिडकीवर पाठवलेलं नाही. कार्यालयीन आदेश निघाला आहे. वास तपासायला पाच जणांची समिती: प्रयागबाई, कॅन्टीनचे आचारी, दोन पंपचालक आणि साहेब स्वतः. आकडे मी पाहायचे. वासाच्या रकान्यात माझी सही चालणार नाही. चार वर्षांच्या सगळ्या नोंदींवर 'अविश्वसनीय' असा शिक्का मारायचा होता, तो मी स्वतः मारला. दोन दिवस लागले. मनगट दुखतं.

रविंद्रलाही सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझ्या कामाच्या कपड्यांचं तुला कधीच..." म्हटलं, नाही. त्या रात्रीपासून तो घरी येण्याआधी मौद्यालाच आंघोळ करून येतो.

चौकीत काय झालं?

तुमची
जया

•

सावरझरी
गुरुवार, १२ जून

जया, जय भीम.

महिना झाला, जीप बंद होती म्हणून. नत्थूजी दिसले तर कुत्र्याले पण बरं वाटलं.

चौकीत गेली. वनरक्षक म्हणाला, "आजी, प्रकरण बंद झालं, अज्ञात इसम लिहून पाठवलं." म्हटलं, मी इसम पण आहे आणि ज्ञात पण आहे, खोल तुझं प्रकरण. तो म्हणाला, "तुम्हाले त्रास होईन." म्हटलं, होऊ दे. तीन वेळा जबाब लिहिला, दोन वेळा त्याचं शुद्धलेखन मीच सुधारलं.

शिक्षा म्हणून दंड भरला आणि पुढल्या उन्हाळ्यात जाळपट्टा, म्हणजे आग अडवायची मोकळी पट्टी, साफ करायचा. ते काही जड नाई. गावाचं जड गेलं. सभा झाली. कोणाची गुरं चराईवाचून गेली, कोणाचा तेंदू गेला. मी समोर बसली होती, माझ्या हाताखाली अक्षर गिरवलेल्या पोरी बोलून राहिल्या होत्या. बरोबरच बोलल्या. पुढल्या हंगामात माझं झाड माझं नाई, असं ठरलं. चाळीस वर्षं होतं. घरी येऊन मी कांदे चिरले, घरात कांदे लागत नव्हते तरी.

पण आणखी एक ठरलं. पाला कोणीच जाळायचा नाई. झाडाखाली कापड अंथरायचं, फुलं त्याच्यावर पडतील, पहाटे चारी कोपरे उचलायचे. हे मीच सुचवलं. एक जण म्हणाली, "एवढं कापड कुठून आणायचं, बाई?" मी म्हटलं, माझी भावजय नागपुरात आहे.

आता तू पाहा.

तुझी
यमुताई

•

बेसा
बुधवार, १८ जून

आदरणीय यमुताई,
सविनय जय भीम.

गांधीबागेत गेले होते. ठोक दुकानदार म्हणाला, "ताई, एवढं मांजरपाट कशाला, मंडप आहे का?" म्हटलं, झाडाखाली अंथरायचं आहे. त्यानं रंग विचारला. मी पांढरा सांगितला, पिवळी फुलं दिसायला हवीत. साहेबांना कळलं तेव्हा म्हणाले, केंद्रातर्फे घेऊ. वरून परवानगी आणायला त्यांना कारण लिहावं लागलं. त्यांनी लिहिलं, 'पाण्याचा वास'. मंजूर झालं.

चौदा तागे आहेत. नत्थूजी कुरकुरताहेत की नमुन्यांची पेटी मांडीवर घ्यावी लागेल.

पाच तागे जास्तीचे आहेत. ज्या घराला तुमचं झाड मिळालं, त्यांना आधी द्या.

तुमची
जया

•

सावरझरी
गुरुवार, २६ मार्च २०२६

जया, जय भीम.

या वर्षी कुठंच धूर नाई. जळालेल्या झाडांनाही फूल आलं, कमी आलं पण आलं. माझं झाड शेजारणीकडे आहे. सुकटीवरून भांडली होती तीच. पहाटे मी जाळपट्टा साफ कराले जाते तर तिच्या कापडावर फुलं पडलेली दिसतात. मी पाहते आणि पुढे जाते. काल ती म्हणाली, "बाई, एक कोपरा धरा ना, एकटीनं उचलत नाई." धरला.

तिनंच पायलीभर दिली. त्यातला डबा तुले पाठवते. चिकटपट्टा लावला नाई.

टॉवर सुरू झाला. रविवारी फोन कर. घरूनही लागते आता. बोल पाहिजे तेवढं.

तुझी
यमुताई

•

बेसा
बुधवार, १ एप्रिल २०२६

आदरणीय यमुताई,
सविनय जय भीम.

डबा मिळाला. आधी उघडला, मग लिहायला बसले. मोहच आहे.

केंद्रात नेला होता. समितीनं एकेक करून हुंगला आणि आपापसात वाद घातला. आचारी म्हणतो मनुका, पंपचालक म्हणतात गूळ, साहेब म्हणाले, काहीतरी लहानपणचं. प्रयागबाईंनी सगळ्यात शेवटी हुंगला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

त्यांनी नाक मुरडलं नाही.

तुमची
जया